घर बँकेचे, मूल आपले

शाखेत नियमित येणारा एखादा तरुण कार्यकर्ता हळूहळू दिसेनासा होतो, तेव्हा आपण सहसा दोनच कारणे गृहीत धरतो. एक तर त्याची बदली झाली असावी, नाही तर संसारात पडल्यावर त्याचा उत्साह ओसरला असावा. ठाणे जिल्ह्यातील एका उपनगरात मुख्यशिक्षक म्हणून काम केलेल्या तरुणाच्या बाबतीत हेच घडले. सहा-सात महिने तो आला नाही. निरोप गेले, त्यांची उत्तरे गुळमुळीत आली. शेवटी दोन ज्येष्ठ कार्यकर्ते एका रविवारी सकाळी त्याच्या घरी गेले, तर तो घरी नव्हता. ‘रविवारी ते एका दुकानाचे हिशोब लिहायला जातात,’ असे त्याच्या पत्नीने सांगितले. घरात पाच वर्षांची मुलगी आणि रांगणारा मुलगा. चहा होईपर्यंत मुलीने पाहुण्यांना एक प्रश्न विचारला. ‘आई म्हणते हे घर बँकेचे आहे. मग बँकेची माणसे रात्री कुठे झोपतात?’ पाहुणे हसले. तिच्या आईला मात्र हसता आले नाही.

पुढे सारे उलगडले. गृहकर्जाचा हप्ता होताच. दुसऱ्या बाळंतपणात रुग्णालयाचे बिल भागविण्यासाठी वैयक्तिक कर्ज घ्यावे लागले आणि दोन्ही हप्ते भरताना घरखर्च क्रेडिट कार्डावर ढकलला गेला. ही गोष्ट त्याने वडिलांना सांगितली नव्हती, मित्रांना सांगितली नव्हती. आणि ज्या शाखेत दहा वर्षे ‘आपण सारे एक परिवार आहोत’ असे तो इतरांना सांगत आला, तेथेही सांगितली नव्हती. हे शेवटचे आम्हांला अधिक बोचते.

कर्जबाजारी तरुण पिढी हा विषय निघाला की चंगळवादावर कोरडे ओढण्याचा मोह होतो. या पानांवरूनही ते अनेकदा ओढले गेले आहेत आणि त्यात तथ्य नव्हते असे नाही. पहिल्या वाढदिवसासाठी सभागृह भाड्याने घेणारे, परदेश सहलीचे हप्ते सहलीच्या आठवणी विटल्यावरही फेडत राहणारे लोक आपल्याच ओळखीत असतात. ‘विनाव्याज हप्त्या’च्या जाहिरातींना भुलणारेही असतात. वस्तुतः शून्य टक्के व्याज अशी काही चीज नसते, व्याज कोठेतरी दडविलेले असते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले होते. परंतु बदलापूर, टिटवाळा, विरार अथवा पुण्याच्या वाघोलीत दोन खोल्यांचे घर घेणाऱ्या जोडप्याला भोगवादी म्हणणे हा अन्याय आहे. डोक्यावर छप्पर असावे, मुलांना दर अकरा महिन्यांनी शाळा बदलावी लागू नये, एवढीच त्यांची इच्छा असते. रुग्णालयाचे बिल तर कोणी हौसेने करीत नाही. चार्वाकाने ऋण काढून तूप पिण्याचा सल्ला दिला असेल. या घरांत तूप वाटीने नव्हे, चमच्याने मोजून वाढले जाते.

खरा बदल झाला आहे तो आयुष्याच्या क्रमात. मागच्या पिढीत बहुतेक नोकरदार मुले वाढवून, त्यांची शिक्षणे उरकून, निवृत्तीच्या सुमारास भविष्यनिर्वाह निधीतून घर बांधत. तोवर चाळीतील खोली किंवा सरकारी निवासस्थान चाले. १९७७ मध्ये हसमुखभाई पारेख यांनी एचडीएफसीची स्थापना केली, तेव्हा पगारदाराला घरासाठी दीर्घ मुदतीचे कर्ज ही कल्पना आपल्याकडे नवखी होती. आज तिशीच्या उंबरठ्यावर कर्ज घेतले जाते आणि त्याच सुमारास पाळणा हलतो. यात मुळात वाईट काही नाही. पण कर्जाचे गणित असे असते की त्याची सर्वांत जड वर्षे आणि मुलाची सर्वांत कोवळी वर्षे एकाच वेळी येतात.

हे गणित एकदा मांडून पाहण्यासारखे आहे. ४० लाखांचे कर्ज, साडेआठ टक्के व्याज, २० वर्षे मुदत. मासिक हप्ता सुमारे ३४,७०० रुपये. पहिल्या महिन्याच्या हप्त्यातले सुमारे २८,३०० रुपये व्याजाचे आणि मुद्दलाचे अवघे ६,४००. पाच वर्षे नेमाने हप्ते भरले तर बँकेकडे २० लाख ८० हजारांहून अधिक रक्कम जाते आणि मुद्दल कमी होते जेमतेम पावणेपाच लाखांनी. कर्जाच्या वर्षी जन्मलेले मूल तोवर शाळेत जाऊ लागलेले असते. ते सोळा वर्षांचे होते तेव्हाही चौदा लाख शिल्लक असतात. मूल विशीत पोचते तेव्हा घर आपले होते. ज्या बाळपणासाठी ते घेतले, ते बाळपण केव्हाच संपलेले असते.

त्यातच व्याजाचे दर एका जागी राहत नाहीत. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर चार टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर गेला. पावणेसात टक्क्यांनी ४० लाख घेतलेल्या कुटुंबाचा हप्ता सुमारे ३०,४०० रुपये होता. वर्षभरात दर सव्वानऊ टक्के झाला असे धरले, तर त्याच हप्त्यातील ३० हजारांहून अधिक रक्कम नुसत्या व्याजात जाऊ लागली. बँकांनी हप्ता तोच ठेवून मुदत वाढविली आणि पुष्कळांना त्याचा पत्ताही लागला नाही. कित्येकांचे कर्ज निवृत्तीच्या पलीकडे गेले. १८ ऑगस्ट २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने याविषयी स्पष्ट निर्देश दिले. दर बदलला की हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडण्याची संधी कर्जदाराला दिली पाहिजे आणि हप्त्यातून निदान व्याज तरी भागलेच पाहिजे, असे त्यात आहे. २०२५ मध्ये दर पुन्हा उतरले. आपल्या कर्जाची मुदत त्यानुसार कमी झाली का, हे बँकेत जाऊन विचारणारे कार्यकर्ते किती? बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जाची मुदतपूर्व फेड केल्यास बँका दंड आकारू शकत नाहीत, हा नियम २०१२ पासून आहे. वरच्या उदाहरणात दरवर्षी एक हप्ता अधिक भरला तरी कर्ज तीन वर्षांहून अधिक आधी संपते. दिवाळीचा बोनस कशावर खर्च करावा या घरगुती वादात ही माहिती उपयोगी पडावी.

क्रेडिट कार्डाची गोष्ट निराळी. ‘किमान देय रक्कम’ हा शब्दप्रयोग ज्याने शोधला तो मानवी मनाचा मोठाच जाणकार असला पाहिजे. ती भरली की माणसाला कर्तव्य पार पाडल्यासारखे वाटते, आणि उरलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२ टक्के दराने व्याज चढत राहू शकते. गावचा सावकार निदान चेहऱ्याने ओळखीचा असे. भ्रमणध्वनीवरून पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्यांनी तर कर्जदाराच्या नातेवाइकांना फोन करून त्याची अब्रू वेशीवर टांगण्याचा प्रकार आरंभिला. त्यावर सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने नियमावली घातली. वसुलीसाठी सकाळी आठपूर्वी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही, हेही त्याच वर्षी सांगितले गेले. मुलांना भरविताना वाजणाऱ्या फोनकडे भेदरून पाहणाऱ्या आईला आपल्यापैकी कोणी हा नियम सांगितला आहे काय?

पैशाचा हिशोब येथवर. आता घरात डोकावू.

पहाटे साडेचारला आई उठते. दोन डबे, एक खाऊचा डबा, पाळणाघराची पिशवी. सहाच्या सुमारास वडील गाडी पकडतात, त्यांच्या मागोमाग तीही. दीड तास जाताना, दीड तास येताना. रात्री साडेआठला दोघे परततात तेव्हा लहानग्याला झोप आवरत नसते आणि मोठीचा गृहपाठ तसाच पडलेला असतो. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वडिलांचा आवाज चढलेला असतो. हप्त्याच्या तारखेपर्यंत खात्यात पैसे राहतील ना, ही काळजी त्या आवाजात असते. पण मुलाला कारण समजत नाही, त्याला फक्त आवाज समजतो. मुले झोपली असे मानून आईवडील रात्री पैशांवरून भांडतात. मुले झोपलेली नसतात.

आईने नोकरी सोडावी की नाही, हा प्रश्न अशा प्रत्येक घरात वर्षातून दोनदा तरी निघतो. तिच्या पगारातून पाळणाघर, प्रवास, वेळी-अवेळी मागवावे लागणारे जेवण हे वजा केले तर हाती फार उरत नाही, असे म्हणणारा सहसा पुरुष असतो. पण उरलेले तेवढेच पैसे रुग्णालयाच्या कर्जाचा हप्ता भरीत असतात, आणि सोडलेली नोकरी चार वर्षांनी त्याच पगारावर परत मिळत नाही. येथे बाहेरून निकाल देण्याचा अधिकार आम्ही घेत नाही. एवढे मात्र म्हणतो की दोघांनी कमवायचे आणि एकीनेच रांधायचे, ही व्यवस्था कोणत्याही शास्त्रात सांगितलेली नाही. सरकारने २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती करून पगारी रजा २६ आठवडे केली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराचे बंधन घातले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आहे. आपल्या परिवारातील उद्योजकांनी स्वतःच्या आस्थापनेत हे पाळणाघर खरोखर आहे का, हे एकदा स्वतः जाऊन पाहावे.

आपल्या परंपरेने माणूस जन्मतःच ऋणी मानला आहे. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण. यांतील पितृऋण श्राद्धाच्या पिंडापुरते आहे असा समज रूढ झाला, पण त्याचा गाभा वंश पुढे नेण्याचा, म्हणजेच आपल्याला जे संगोपन मिळाले ते पुढच्या पिढीला देण्याचा आहे. तरुण गृहस्थाच्या घरी अशी दोन ऋणे एकाच वेळी असतात. बँकेचे ऋण दर महिन्याला आठवण करून देते, चुकले तर दंड लावते, जामीनदाराला पत्र पाठविते. मुलाचे ऋण कसलीच नोटीस काढीत नाही. साहजिकच जे मागते त्याला आधी दिले जाते आणि जे मागत नाही ते थकत जाते. त्या थकबाकीचा आकडा कोणत्याही उताऱ्यावर येत नाही. तो येतो पंधरा वर्षांनी, मुलगा खोलीचे दार लावून घेऊ लागतो तेव्हा.

पण मग करायचे काय? हप्ता तर चुकविता येत नाही. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडविली अशी परंपरा आहे, पण त्यांनीही धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या वाट्याची खते त्याच्याकडेच ठेवली. कारण त्याला संसार चालवायचा होता. आणि तुकोबा तर येणे असलेले होते. आपले देणे आहे. ते फेडलेच पाहिजे, आणि आमच्या मते मध्यमवर्गीय तरुण ते बहुधा निष्ठेने फेडतातही. घर पोखरते ते कर्जाभोवतीचे मौन.

आपल्याकडे कर्ज ही लपवायची गोष्ट झाली आहे. त्यातून आपण कार्यकर्ते म्हणजे साधेपणाचा वसा घेतलेले, नेटक्या प्रपंचाचा आदर्श ठेवणारे. मग आपलेच हिशोब विस्कटलेले कसे सांगावेत? पहिला बाजीराव मोहिमांमागून मोहिमा करताना कर्जात रुतला होता. धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना त्याने लिहिलेल्या पत्रांत सावकारांच्या तगाद्याने आपण किती गांजलो आहोत, हे त्याने आडपडदा न ठेवता सांगितले. स्वामी हे त्याचे गुरू, आणि त्याला कर्ज देणाऱ्यांपैकीही एक! उत्तर हिंदुस्थान हलविणाऱ्या पेशव्याला जे सांगताना कमीपणा वाटला नाही, ते उपनगरातल्या कारकुनाला का वाटावा?

मौनाची सर्वांत महाग किंमत बापलेकांत मोजली जाते. सांगलीत किंवा साताऱ्यात वडिलांची चार लाखांची मुदत ठेव असते, तिच्यावर वर्षाला २७-२८ हजार रुपये मिळतात. इकडे मुलगा चार लाखांच्या वैयक्तिक कर्जावर पंधरा टक्क्यांनी पहिल्याच वर्षी पन्नास हजारांहून अधिक व्याज भरतो. दोघेही एकमेकांपासून लपवितात. एकाला वाटते, मुलाला कळले तर मागेल; दुसऱ्याला वाटते, बाबांना कळले तर काळजी करतील. या अज्ञानावर दोन बँका आपापला वाटा उचलतात. आम्ही असे सुचवितो की वडीलधाऱ्यांनी सगळी पुंजी कदापि देऊ नये. आजारपण आणि उतारवय यांसाठीचा भाग बाजूला काढावा. पण उरलेली रक्कम मुलाला रीतसर कागद करून, ठेवीवर मिळते तेवढ्याच व्याजाने देण्यात कोणाचेच नुकसान नाही. कागद केला म्हणून प्रेम आटत नाही. कागद न केल्यामुळे भावाभावांत आटलेले आम्ही पाहिले आहे. आणि रकमेहूनही मोठी मदत म्हणजे आजी-आजोबांनी वर्षातले काही महिने नातवंडांजवळ येऊन राहणे. त्यासाठी सुनेनेही स्वयंपाकघरातील एक फडताळ सासूच्या पद्धतीने लावू द्यावे लागते, हे खरे.

मुलांना सांगावे का? सांगावे. लहान मुलांना आकडे नकोत, पण खरे हवे. ‘पैसे झाडाला लागतात का?’ असे वसकन म्हणण्यापेक्षा ‘या महिन्यात सायकल घेता येणार नाही, दिवाळीनंतर पाहू,’ हे वाक्य मुलाला पुष्कळ शहाणे करते. मात्र दिवाळीनंतर खरोखर पाहिले पाहिजे. पूर्वी घरोघरी जमाखर्चाची वही असे, आणि रोजचा खर्च त्यात लिहिणाऱ्या आजोबांशेजारी बसून नातवंडे बेरीज शिकत. आठवड्यातून एकदा सगळ्या कुटुंबाने एकत्र जेवावे, गप्पा माराव्यात, असे कुटुंब प्रबोधनाच्या कामात सांगितले जाते. संघाच्या शताब्दीच्या निमित्ताने पंचपरिवर्तनाच्या विषयांतही कुटुंब प्रबोधन आहेच. त्या जेवणानंतर महिन्यातून एकदा ही वही उघडावी. मंगळसूत्र गहाण ठेवून ४२ टक्क्यांचे कर्ज मिटवावे का, यासारखा प्रश्न त्या वहीसमोर पतिपत्नीला शांतपणे बोलता येतो. आमचे मत विचाराल तर, सोने तिजोरीत ठेवून कार्डाचे व्याज भरणे हा सौभाग्याचा मान नव्हे.

आता थोडे आपल्याकडे पाहू. रात्री साडेनऊला सुरू होणाऱ्या आणि अकराला संपणाऱ्या आपल्या बैठकांनी कोणाच्या घरची संध्याकाळ घेतली? आठवड्यातून सहा दिवस मुलांना जागेपणी न पाहणाऱ्या बापाला सातव्या दिवशी अभ्यासवर्गाला बोलावताना आपण त्याच्या पत्नीला विचारले होते का? कार्यकर्त्याचे घर हे कार्याचेच अंग आहे असे आपण म्हणतो. ते खरे असेल तर त्या घराला दिलेला वेळ कार्यातून वजा धरता येणार नाही. लक्ष्मणराव इनामदारांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या सहकार भारतीने पतसंस्थांचे मोठे जाळे जोडले आहे. बँकेतून निवृत्त झालेले कितीतरी स्वयंसेवक आपल्या नगरांत सकाळी फिरायला जातात. त्यांतील एकाने महिन्यातील एक रविवार एका तरुण घराला द्यावा. कर्जाचे कागद वाचावेत, कोणते आधी फेडायचे ते सांगावे, बँकेत सोबत जावे. पैसे देण्याची गरज बहुधा पडत नाही. मोठ्या झालेल्या मुलांची पुस्तके, गणवेश, सायकली वस्तीतील धाकट्यांकडे गेल्या पाहिजेत. मुंजी-बारशांतील आहेर, परतभेटी यांची चढाओढ परिवारातील सुस्थित घरांनी प्रथम थांबविली पाहिजे, कारण त्यांना ती परवडते म्हणूनच शेजाऱ्याला परवडेनाशी होते.

सुरुवातीला ज्याचा उल्लेख केला त्या तरुणाच्या घरी ते दोघे ज्येष्ठ पुन्हा गेले. त्यांतील एक बँकेतून निवृत्त झालेले. कार्डाची थकबाकी वडिलांच्या ठेवीतून मिटली, वडील त्यासाठी स्वतः गावाहून आले आणि आल्यावर दोन महिने राहिले. वैयक्तिक कर्ज आणि गृहकर्ज चालूच आहे. रविवारचे दुकान सुटले आहे. त्या नगराची मासिक बैठक आता रविवारी सकाळी सहकुटुंब होते, मुले अंगणात खेळतात. तिसऱ्या बैठकीत वही हा विषय घेतला, तेव्हा चार घरांनी आपापल्या वह्या आणल्या. सर्वांत अधिक कर्ज ज्या घराचे निघाले, त्या घरी गेली आठ वर्षे नगराच्या पाहुण्यांची जेवणे होत आली होती.